प्रशिक्षणाची प्रश्नावली तपासायची कशी? तज्ज्ञांकडून, उत्तर देणाऱ्यांकडून की आकड्यांवरून

प्रशिक्षण कितपत उपयोगी पडलं हे प्रश्नावलीवरून ठरवायचं असेल, तर ती आधी पारखून घ्यावी लागते. मार्ग तीन आहेत. वेळ कमी असला की बहुतेक जण तिसरा, म्हणजे आकड्यांचा, मार्ग धरतात. मला ती निवड चुकीची वाटते.

तज्ज्ञांकडून पडताळणी सर्वांत लवकर होते. प्रत्येक प्रश्न 'आवश्यक' आहे का, एवढंच त्यांना विचारायचं. मानसशास्त्रज्ञ लॉशे यांनी 1975 मध्ये यासाठी सोपं गुणोत्तर दिलं : होकारांतून बाकीचे वजा करायचे आणि एकूण तज्ज्ञांनी भागायचं. 10 पैकी 8 तज्ज्ञांनी होकार दिला तर ते 0.60 येतं आणि लॉशे यांच्या तक्त्यात 10 तज्ज्ञांसाठी किमान मर्यादा 0.62 आहे, म्हणजे 9 जणांचा होकार हवा. एखादा महत्त्वाचा विषय सुटला असेल तर तो इथेच सापडतो. पण तज्ज्ञ प्रश्न वाचतात ते तज्ज्ञाच्या नजरेने. प्रशिक्षणार्थ्याला त्यातून काय कळेल, हे त्यांना सांगता येत नाही.

त्यासाठी उत्तर देणाऱ्यांसोबतच बसावं लागतं. पाच-सात जणांना एकेकटं बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा, उत्तर देताना मनात काय चाललंय तेही बोलायला सांगा. समजा, विधान आहे : 'प्रशिक्षणामुळे माझा आत्मविश्वास वाढला.' एखादी म्हणेल, "माझा आधीपासूनच चांगला होता, मग 'असहमत' लिहू का?" तिची ही खूण प्रशिक्षणाच्या विरोधात मोजली जाणार, आणि आकड्यांत ते कधीच दिसणार नाही. 'विवेचन स्पष्ट आणि उपयुक्त होते' यातही तसंच. स्पष्ट होतं पण उपयोगाचं नव्हतं, असं वाटणाऱ्याने खूण कुठे करायची? प्रश्न दुरुस्त करून नव्या माणसांसोबत आणखी एक फेरी घ्या. एवढं बहुतेकांना जमतं.

आता आकडे. क्रोनबॅक यांचा अल्फा 1951 पासून वापरात आहे आणि 0.70 च्या वर गेला की अहवालात 'प्रश्नावली प्रमाणित' असं लिहून मोकळं होतात. अल्फावरून प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत तेवढंच कळतं. म्हणजे तो विश्वसनीयतेचा अंदाज आहे; सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का, ही वेगळी गोष्ट. शिवाय प्रश्न वाढवले की तोही वाढतो : प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध (एकाचं उत्तर दुसऱ्याशी किती जुळतं ते) अवघा 0.2 असला, तरी 5 प्रश्नांना तो 0.56 येतो, 10 ना 0.71 आणि 20 ना 0.83. एकच गोष्ट शब्द फिरवून चारदा विचारली तरी आकडा देखणा येतो. घटक विश्लेषणातून, म्हणजे कोणते प्रश्न एका गटात पडतात हे उत्तरांवरून शोधण्यातून, जास्त कळतं, पण त्याला दर प्रश्नामागे 5 ते 10 उत्तरं धरली जातात. 20 प्रश्नांची प्रश्नावली असेल तर किमान 100 माणसं. तीस जणांच्या एका तुकडीवर ते करू नये.

एकाच कार्यक्रमाच्या शेवटी अभिप्राय घ्यायचा असेल तर तीन-चार तज्ज्ञ आणि दोन फेऱ्या मुलाखती पुरेत; अल्फा काढला नाही तरी चालेल. तीच प्रश्नावली वर्षानुवर्षे, अनेक तुकड्यांवर वापरून त्यांची तुलना करायची असेल, तर मात्र तिन्ही मार्ग घ्या, याच क्रमाने. आणि कामाच्या ठिकाणी वागणूक बदलली का, हे तपासायचं असेल तर उत्तरं प्रत्यक्ष निरीक्षणाशी किंवा कामाच्या नोंदींशी ताडून बघा. शेवटच्या दिवशी भरलेल्या कागदावर तो बदल अजून घडलेलाच नसतो.