जुन्या बोटीचं स्टिअरिंग आणि गिअर जड झालेत: ग्रीस, नवी केबल की थेट हायड्रॉलिक?

पावसाळाभर झाकून ठेवलेली बोट चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्यावर पाण्यात उतरवायला काढली की ठरलेली तक्रार असते, स्टिअरिंग हलत नाही आणि गिअरचा दांडा दोन हातांनी ढकलावा लागतो. आपल्या गोव्यात बेतीला विचारा, मालीमला विचारा, शापोऱ्याला विचारा, सल्ला प्रत्येक ठिकाणी वेगळा मिळणार. एक म्हणणार ग्रीस मार रे, चालतं, दुसरा म्हणणार केबल बदल, आणि ज्याने नुकताच खर्च केलाय तो म्हणणार हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग) टाकून मोकळा हो, एका बोटाने फिरतं. तिघंही आपापल्या बोटीपुरते बरोबरच असतात. मी इथे बोलतोय ते साधारण ४० ते १५० एचपीच्या एका आउटबोर्डवर, म्हणजे मागे बाहेर टांगलेल्या इंजिनावर, चालणाऱ्या, केबल स्टिअरिंगच्या जुन्या फायबर बोटींबद्दल, स्टर्नड्राइव्हवाल्यांनी (इंजिन बोटीच्या आत, ड्राइव्ह मागे बाहेर) हे जसंच्या तसं लावू नये.

खिशात हात घालायच्या आधी एक गोष्ट करा. केबलचं टोक इंजिनला जोडणारा जो लिंक रॉड असतो ना, तो सोडा आणि इंजिन हाताने डावीकडे उजवीकडे फिरवून बघा. अलगद फिरलं तर इंजिनाचा दोष नाही, भानगड केबलमध्ये किंवा चाकामागच्या हेल्ममध्ये, म्हणजे चाक फिरवलं की केबल ढकलणाऱ्या यंत्रणेत. पण इंजिनच घट्ट असेल तर केबलला शिव्या घालून उपयोग नाही, ज्या पिव्हटवर इंजिन वळतं तो स्विव्हल ब्रॅकेट जाम झालाय. आतलं जुनं ग्रीस खाऱ्या पाण्याने साबणासारखं होतं, मग सुकून कडक होतं. ग्रीस भरायच्या तोंडाला, म्हणजे निपलला, गन लावायची, एकाने पंप मारायचा, दुसऱ्याने इंजिन हलवत राहायचं, आणि जुना तपकिरी चिखल बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत थांबायचं नाही. निपल बुजला असेल तर तो बदला, किरकोळ वस्तू आहे. एवढं करून हललं नाही तर इंजिन उतरवून मशीन शॉपला न्यावं लागणार, त्याला शॉर्टकट नाही. हे आधी सांगतोय कारण अशा बोटीवर हायड्रॉलिक बसवलं तर सिलिंडर त्या जाम पिव्हटला मुकाट्याने ढकलत राहतो, तुम्हाला चाकावर काही कळत नाही आणि झीज आत चालूच राहते.

आता समजा इंजिन मोकळं आहे, केबलच जड आहे. मग पहिला पर्याय ग्रीसचा, आणि तो नेमका कुठे चालतो ते समजून घ्यायला हवं. केबलच्या टोकाला जी धातूची दांडी असते, रॅम म्हणतात, ती इंजिनाच्या टिल्ट ट्यूबमधून (इंजिन ज्यावर वर उचललं जातं ती आडवी नळी) आतबाहेर करते. नव्वद टक्के वगैरे आकडे मी देणार नाही, पण आपल्याकडच्या हवेत पहिला संशय त्या ट्यूबवरच घ्या. ट्यूबमध्ये खारं पाणी बसतं, गंज धरतो, त्यात वाळलेलं ग्रीस, आणि बोट चार महिने हललेली नसते. इथे अडकलं असेल तर काम फुकटात होण्यासारखं आहे. नट सोडून रॅम बाहेर काढा, पण त्याच्या तोंडावर थेट हातोडा मारू नका, तोंड फुगलं की ती दांडी ट्यूबमधून कधीच जाणार नाही, मध्ये लाकडाचा तुकडा किंवा बारीक सॉकेट धरा. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, तापवून सोडवायची वेळ आली तर ज्योत मात्र पेट्रोलच्या टाकीजवळ नको. रॅम निघाला की ट्यूब बाटली धुवायच्या ब्रशने नाहीतर तारेच्या गोल ब्रशने घासा, फडक्यावर काळं येणं बंद होईपर्यंत, मग मरीन ग्रीस. गाडीचं साधं ग्रीस खाऱ्या पाण्यात धुऊन जातं.

आणि निपलमधून ग्रीस भरताना रॅम पूर्ण आत घेतलेला हवा हो. बाहेर असताना पंप मारला तर ग्रीस आत कोंडतं आणि स्टिअरिंग लॉक होऊ शकतं, हे इंजिनच्या मॅन्युअलमध्ये धोक्याच्या चौकटीत लिहिलेलं असतं पण मॅन्युअल वाचतो कोण.

रॅम ट्यूबबाहेर काढल्यावरही चाक जडच फिरत असेल तर ग्रीसचा विषय संपला. केबल म्हणजे सायकलच्या ब्रेकच्या वायरची जाडजूड बहीण, आत तार आणि वर बंद वेष्टण. वेष्टणाला चीर पडली की पाणी आत जातं, तार गंजून फुगते, आणि ती उघडून साफ करायची सोय नाही. जेटीवर एक उपाय सांगतात, वेष्टणाला भोक पाडून तेल सोडायचं. चार दिवस बरं वाटतं आणि त्याच भोकातून पुढच्या वेळी पाणी शिरतं. पर्यटक घेऊन सिकेरीहून डॉल्फिन दाखवायला जाणाऱ्याने तर हे करूच नये, कारण जड केबल ही तुटण्याआधीची सूचना असते.

म्हणून दुसरा पर्याय, नवी केबल. माझं मत विचाराल तर इंजिन मोकळं असलेल्या बहुतेक जुन्या बोटींना हाच पर्याय लागू पडतो. लांबीसाठी टेप घेऊन बसायची गरज नसते, जुन्या केबलच्या वेष्टणावर नंबर छापलेला असतो आणि टेलिफ्लेक्सच्या केबलींवर त्यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे फूट, १४ असेल तर चौदा फूट. टेलिफ्लेक्सचंच नाव पुढे सीस्टार झालं आणि आता डोमेटिक आहे, त्यामुळे दुकानात जुनं नाव सांगून मिळालं नाही तर गोंधळू नका. नंबर पुसला असेल तरच मोजा. हेल्म जुना असेल तर नवी केबल त्यात बसतेच असं नाही, कारण जोडणीची पद्धत मधे बदलली, तेव्हा हेल्म आणि केबल जोडीने घेतलेलं परवडतं. नो-फीडबॅक हेल्म घेतला तर इंजिनचा ओढा चाकापर्यंत येत नाही, हात सोडला तरी बोट फिरत नाही, पण त्या बदल्यात चाक थोडं भारी लागतं, तो दोष नाही. केबल टाकताना वळणं मोठी ठेवा, ८ इंचाच्या त्रिज्येपेक्षा तंग वळण दिलं तर नवी केबलही जडच वाटणार. लॉकनट नवे लावा, नायलॉनवाले जुने परत वापरायचे नसतात. आणि ट्यूब घासायची राहिली तर पुढच्या चवथीला हेच सगळं परत.

तिसरा पर्याय हायड्रॉलिक. मजा आहे, खोटं कशाला बोलू, चाक हलकं, ओढा शून्य. पण किंमत केबलच्या कित्येक पट, आणि जुन्या बोटीच्या मागच्या खड्ड्यात, इंजिन वर उचलल्यावर सिलिंडर आणि होस (तेलाच्या नळ्या) कुठे टेकतात का हे बघितल्याशिवाय किट मागवू नका. १५० एचपीच्या आसपास किंवा वर असाल तर तो खर्च रास्त, त्याखाली चैन. किटवर एचपीची मर्यादा लिहिलेली असते, डोमेटिकचा बेस्टार १५० पर्यंतच आहे, स्वस्त म्हणून मोठ्या इंजिनाला लावायचा नाही. तेल त्याचंच घालायचं, ब्रेक ऑइल अजिबात नाही, सील खाऊन टाकतं. हवा काढायला दोन माणसं लागतात. आणि सिलिंडरच्या दांडीवर मीठ आणि रेती बसून सील गळायला लागले की चाक फिरतं पण बोट उशिरा ऐकते. किनाऱ्यावर रेतीत ओढून ठेवायची बोट असेल तर मी नाही घालणार.

एक फुकटचा चौथा पर्याय लोक विसरतात. चाक एकाच बाजूला वळवायला जड आणि दुसरीकडे आपोआप जातं, असं असेल तर ते केबलचं दुखणं नसतंच. प्रोपेलरच्या वर लहान पंखासारखा ट्रिम टॅब असतो, बोट उजवीकडे ओढत असेल तर त्याचं मागचं टोक थोडं उजवीकडे फिरवायचं. बोल्ट एक, फरक मोठा.

गिअरचं गणित त्यामानाने सोपं आहे, फक्त तपासताना फसू नका. इंजिन बंद असताना आउटबोर्डचा गिअर अडतो, कारण गिअर जोडणाऱ्या आतल्या डॉग क्लचचे दात समोरासमोर येतात. चावी काढा, किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढा, कुणाला तरी प्रोपेलर हाताने हळू फिरवायला सांगा आणि मग दांडा टाका. सरकला तर काही बिघडलेलं नाही. नाही सरकला तर इंजिनाकडचं टोक सोडून दांडा हलवायचा, तिथे हलका झाला तर दोष इंजिनाच्या लिंकेजमध्ये (केबलपुढच्या जोडदांड्यांत), नाहीतर केबल किंवा बॉक्स, म्हणजे दांडा ज्यावर बसतो ती पेटी. बॉक्सवर थ्रॉटलचा (वेग कमीजास्त करायचा) फ्रिक्शन स्क्रू असतो, दांडा किती घट्ट फिरावा ते ठरवणारा, तो कुणीतरी आवळून ठेवलेला असतो आणि लोक केबल बदलून बसतात.

बॉक्स उघडल्यावर पांढरं मीठ आणि वाळलेलं ग्रीस दिसलं तर साफ करून चालवा. प्लास्टिक तडकलंय, न्यूट्रलचं बटण अडकतंय, असं असेल तर नवा बॉक्स, तिथे जुगाड नको, धक्क्याला लागताना न्यूट्रल मिळालं नाही तर काय होतं ते सांगायला नको. केबल जड असेल तर ती बदलायचीच, आणि गिअर व थ्रॉटल दोन्ही एकदम, दोघी एकाच वयाच्या असतात. जड केबलने गिअर हळूहळू रेटत टाकला की डॉग क्लचच्या कडा झिजतात आणि मग गिअरकेस उघडायची पाळी येते, त्यापुढे केबलचा खर्च काहीच नाही. यामाहा, सुझुकीच्या बॉक्सना बहुधा ३३सी नावाच्या प्रकारची केबल चालते, मर्क्युरीच्या स्वतःच्या बॉक्सला मर्क्युरीचीच लागते, ऑर्डर देण्याआधी जुन्या केबलच्या टोकाचा फोटो दुकानदाराला पाठवा.

सामान मुंबईहून येईपर्यंत वेळ जातो, म्हणून तपासणी मे महिन्यातच करून घ्या. प्रवासी नेणारी बोट असेल तर कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या, म्हणजे गोव्याच्या बंदर खात्याच्या, सर्व्हेच्या आधी हे उरकलेलं बरं. काम झाल्यावर लगेच मांडवीच्या मुखाकडे पळू नका, आधी जेटीला बांधूनच चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, एकदा इंजिन खाली असताना, एकदा पूर्ण वर उचलून, केबल कुठे ताणते का बघा, मग न्यूट्रल, पुढे, न्यूट्रल, मागे, आणि चावी फक्त न्यूट्रलमध्येच स्टार्ट घेते ना हेही.