जिनिंगमध्ये अख्खा हंगाम वापरलेलं व्हायब्रेशन पेन आणि टेम्परेचर गन

हिंगणघाटजवळच्या आमच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये २४ डबल रोलर जिन (कापसातली रुई आणि सरकी वेगळी करणारी यंत्रं), कापूस-रुई ओढणारे पंखे आणि गाठी बांधायची प्रेस आहे. मेंटेनन्स माझ्याकडे. दिवाळीआधी मालकांकडे हट्ट धरून दोन वस्तू घेतल्या: यंत्र किती हादरतं ते मोजणारं व्हायब्रेशन पेन आणि न टेकवता तापमान दाखवणारी टेम्परेचर गन. दोन्ही मिळून दहा हजारांच्या आत. नोव्हेंबर ते एप्रिल रोज वापरल्या, म्हणून आता लिहितो.

हट्टाचं कारण आधीच्या जानेवारीतलं. रात्री पंख्याचं बेअरिंग जाम झालं. सुटा भाग नागपूरहून यायला दुसरा दिवस उजाडला. बाहेर भरलेले ट्रॅक्टर उभे, शेतकरी थंडीत गाडीखाली गोणपाट अंथरून झोपलेले. बेअरिंग इतकं तापलं होतं, की शेजारी रुईचा ढीग असता तर काय झालं असतं, या विचाराने मला कित्येक दिवस झोप लागली नाही.

पेन वापरायला सोपं. टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, टेकवायचं, हादऱ्याचा आकडा मिलिमीटर प्रति सेकंदात येतो. मात्र रोज त्याच जागी, त्याच दिशेने आणि तेवढ्याच दाबाने टेकवावं लागतं. मी प्रत्येक हाउसिंगवर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला, तेव्हा कुठे आकडे जुळायला लागले.

मोटरवर चालणाऱ्या मध्यम आकाराच्या यंत्रांसाठी, म्हणजे १५ ते ७५ किलोवॅटच्या, साधारण २.८ पर्यंत ठीक आणि ७.१ च्या वर धोका, असा नेहमीचा तक्ता आहे. पंख्यांना तो लागू पडला. जिनला नाही. जिनमध्ये मूव्हिंग नाइफ, म्हणजे हलती सुरी, सतत वर-खाली होत असते, यंत्र मुळातच हादरतं. पहिल्या आठवड्यात निम्म्या जिन मला बिघडलेल्या वाटल्या आणि दोन तर मी विनाकारण उघडल्या. मग तक्ता बाजूला ठेवला. प्रत्येक जिन चांगली चालत असतानाचा तिचा आकडा वहीत लिहिला आणि त्यापेक्षा किती वाढला एवढंच बघू लागलो. माझ्या मते या पेनची खरी किंमत त्या वहीत आहे. वही ठेवणार नसाल तर पेन घेऊ नका.

डिसेंबरात एका पंख्याचा आकडा तीन आठवड्यांत २.१ वरून ४.६ वर गेला. माझा पहिला संशय बेअरिंगवर. आमचा जुना फिटर मात्र म्हणाला, "भाऊ, बेअरिंग रडत नाही ना, मंग आधी पंखा खोलून पाहा." खोलला तर एका पात्यावर ओलसर कचरा आणि रुई थापल्यासारखी घट्ट बसलेली. खरवडून काढल्यावर आकडा २.३. त्याचा कान आणि माझं पेन, दोन्ही लागले. काहीतरी बदललंय एवढंच पेन सांगतं, काय बदललंय ते माणसालाच शोधावं लागतं.

एक युक्ती उपयोगी पडली. मोटरचा पुरवठा बंद करून पेन तसंच धरून ठेवायचं. वीज तुटताक्षणी आकडा एकदम पडला तर दोष विजेच्या बाजूचा. वेग कमी होईल तसा हळूहळू उतरला तर यांत्रिक. आमच्याकडे रात्री फीडरवर (आम्हाला वीज पुरवणाऱ्या लाइनवर) तिन्ही फेजचं व्होल्टेज सारखं नसतं. व्होल्टेजमध्ये एक टक्का असमतोल असला तरी मोटरच्या करंटमध्ये सहा ते दहा टक्के येतो, मोटर तापते आणि बोल बेअरिंगला लागतो.

टेम्परेचर गनने सुरुवातीला फसवलं. चकचकीत पुलीवर ३८ अंश दाखवलं, हात लावला तर चटका बसला. चमकणारा धातू तिला नीट वाचता येत नाही. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजलं की बरोबर येतं. शिवाय माझी गन १२ फुटांवरून एक फूट रुंदीचा गोल मोजते, म्हणून लांबून एका बेअरिंगचा नेम धरण्यात अर्थ नाही. जवळ जा, आधी रुईची भुकटी पुसा.

विदर्भातली अडचण ऋतूची. डिसेंबरच्या पहाटे १२ अंश आणि एप्रिलच्या दुपारी ४३. तेच धडधाकट बेअरिंग थंडीत ४० दाखवतं आणि उन्हाळ्यात ७० च्या पुढे जातं. म्हणून शेडचं तापमान वजा करून फरक लिहायचा. तेवढ्याने उन्हाळ्यातली उगाचची धावपळ थांबली. ग्रीसचंही तसंच. पूर्वी बाहेर येईपर्यंत भरायचे, त्याने बेअरिंग उलट तापायचं आणि सांडलेल्या ग्रीसवर रुई चिकटायची. आता मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंतच भरतो. ग्रीस दिल्यावर काही तास तापमान चढतं, मग उतरतं. उतरलं नाही तर जास्त झालं.

प्रेसच्या हायड्रॉलिकला पेनचा फारसा उपयोग नाही, तेल आणि सील नजरेनेच बघावे लागतात.

तक्रारीही आहेत. पेनच्या बटन सेल महिन्याभरात संपतात आणि तालुक्याला त्या मापाच्या मिळत नाहीत. उन्हात आकडा दिसत नाही. गनचं ट्रिगर मार्चमध्ये अडकलं, विकणाऱ्याने दुरुस्तीला नकार दिला, फिटरनेच उघडून साफ केलं.

यंदा पंख्यामुळे एकही रात्र बंद गेली नाही. वहीत ७ आणि ११ नंबरच्या जिनचे आकडे फेब्रुवारीपासून चढत आहेत. पावसाळ्यात आधी त्याच दोन उघडणार, बेअरिंगची ऑर्डर दिली आहे.