‘वेंगुर्ला ४’ म्हणून मिळणारं काजूचं बी: दाणा खणखणीत, नाव फसवं

शिराळा तालुक्यातल्या एका रोपवाटिकेत मे महिन्यात काजूच्या तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. रोवणीचं बी, त्याच बियांपासून वाढवलेली पिशवीतली रोपं आणि कलमं. तिन्हींवर काजूच्या एकाच जातीचं नाव, ‘वेंगुर्ला ४’. बी २०० रुपये किलो, रोप ३० रुपये, कलम ९० रुपये. ७ बाय ७ मीटरवर एकरी ८२ झाडं बसतात आणि किलोत १३० च्या वर बिया येतात, म्हणजे दोनशे रुपयांत दीड एकर काजू! गिऱ्हाईक या हिशोबाला भुलतं. हिशोबात खोट आहे, पण ती बियांत नाही.

बियांचं आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. १०० बिया मोजून काट्यावर टाकल्या तर ७४५ ग्रॅम भरल्या. वेंगुर्ला ४ चं बी सरासरी ७.७ ग्रॅमचं असतं, तेव्हा हे बी त्याच जातीच्या झाडाखालचं आहे असं धरायला हरकत नाही. २५ बिया फोडून, साल काढून गर तोलला: १८६ ग्रॅम बियांत ५७ ग्रॅम गर, म्हणजे ३०.६ टक्के उतारा. जातीचा उतारा ३१ टक्क्यांचा, त्यामुळे इथंही तक्रारीला जागा नाही. (काट्याचं म्हणाल तर किराणा दुकानातला पाच-पाच ग्रॅमने सरकणारा काटा कामाचा नाही. विटा-खानापूरकडे सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांच्या घरात असतो तसला बारीक काटा हवा.) बी गोणपाटाच्या पिशवीत दिलं, हेही बरं केलं. प्लास्टिकमध्ये कोंडलेल्या बियांना घाम येतो, देठाकडच्या खळग्यात बुरशी धरते आणि असं बी वरून चकचकीत दिसूनही रुजत नाही.

पाण्याची परीक्षा घरी प्रत्येकाने घ्यावी. उन्हात दोन-तीन दिवस वाळलेलं बी बादलीत ओतायचं. बुडेल ते रोवायचं, तरंगेल ते बाजूला काढायचं. तरंगणाऱ्या बियांत गर पोचट असतो किंवा भरलेलाच नसतो. या पिशवीत १३४ पैकी ७ तरंगल्या, तेवढं चालतं. शंभरात वीस-पंचवीस तरंगायला लागल्या तर समजायचं की बी झाडावरून झोडपून पाडलंय. काजूचं बी बोंडासकट आपोआप गळून पडल्यावरच वेचायचं असतं.

रोवताना बहुतेकांची चूक होते ती बी ठेवण्यात. काजूच्या बीला एक जाड टोक असतं, बोंडाला चिकटलेलं होतं त्याचा वण तिथं दिसतो. हा वण वर यायला हवा. उलटं पडलेलं बी रुजतं, पण कोंब वळसा घेऊन वर येतो आणि खोडाची मान वाकडी होते. असल्या खुंटावर (खुंट म्हणजे ज्यावर चांगल्या झाडाची काडी बांधतात ते खालचं रोप) पुढे कलम बांधताना काप सरळ जात नाही. खोली ३ ते ५ सेंटीमीटर पुरे. त्याआधी २४ ते ४८ तास पाण्यात भिजवायचं आणि पाणी दोनदा बदलायचं. पिशवी २५ बाय १५ सेंटीमीटरची, तळाला आणि बाजूंना भरपूर भोकं पाडलेली. तांबडी माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत समसमान. कृष्णाकाठची काळी माती पिशवीत भरू नये. ओली असताना ती पाणी धरते, सुकली की भेगाळते, आणि दोन्ही वेळा मार मुळांवरच बसतो.

१५ ते २५ दिवसांत उगवण दिसते. काजूच्या दोन्ही डाळी मातीबाहेर येतात, आणि खारी, उंदीर, कावळे याचीच वाट बघत असतात. पहिल्या आठवड्यात पिशव्यांवर बारीक जाळी ताणली नाही तर उगवण चांगली होऊनही रोपं हाती लागत नाहीत. दोष मात्र बियांच्या माथी मारला जातो.

आता नावाचं.

काजूच्या मोहोरात नर फुलं आणि उभयलिंगी फुलं एकाच तुऱ्यावर असतात. परागकण माश्या, मधमाश्या, मुंग्या नेतात आणि कुठल्या झाडाचे कुठे नेतील याला धरबंध नाही. बापाचा पत्ता लागत नाही. शिवाय वेंगुर्ला ४ हीच मुळात मिदनापूर रेड आणि वेतोरे ५६ यांच्या संकरातून निवडलेली जात आहे. तिचा मोहोर स्वतःच्याच परागकणांनी फळला तरी बियांत आजी-आजोबांचे गुण निरनिराळे फुटतात. पिशवीतलं जाडजूड बी बघून त्यातून जाडजूड बी देणारं झाड येईल असं वाटतं, ती फसगत इथं होते. बीचं टरफल आईच्या शरीराचा भाग असतं, आतला अंकुर दोघांचा. वजन करून आपण आईची परीक्षा घेतो, लेकराची नाही.

असल्या बियांची झाडं फळू लागली की एकाच ओळीत एक झाड ४ ग्रॅमचं बी देतं, तर शेजारचं ८ ग्रॅमचं. कुठल्या झाडाचं टरफल जाड, कुठल्याचा मोहोर उशिरा. बियांच्या झाडाला फळायला पाच-सहा वर्षं लागतात, कलमाला तिसऱ्या वर्षापासून मोहोर दिसतो. म्हणजे फसवणूक झाली हे कळायलाच सहा वर्षं जातात. विक्रेत्यानं मुद्दाम फसवलं असंही नाही. बी वेंगुर्ला ४ चं आहे हे खरंच, त्यातून येणारं झाड वेंगुर्ला ४ असणार नाही एवढंच तो सांगत नाही. पाटीवर ‘खुंटासाठी’ असा एक शब्द लिहिला असता तर हा लेख निम्मा झाला असता.

ज्यांच्याकडे जुनी बियांची झाडं आधीच आहेत त्यांनी झाडागणिक तुलना करून ठेवावी. एका झाडाखालच्या गळलेल्या बिया वेगळ्या वेचायच्या आणि टरफल दाबून दबेनासं होईतो उन्हात वाळवायच्या. मग शंभर बियांचं वजन घ्यायचं, त्यातल्या २५ फोडायच्या आणि गर तोलायचा. दोन आकडे मिळतात: बीचं वजन आणि उतारा. त्यांचा गुणाकार म्हणजे एका गराचं वजन, आणि बाजारात प्रत त्यावरच ठरते. डब्ल्यू २१० म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त २१० अख्खे गर. वेंगुर्ला ४ चा गर साधारण २.४ ग्रॅमचा, पौंडात १९० च्या आसपास, म्हणून ती २१० च्या प्रतीत. वेंगुर्ला ७ चं बी १० ग्रॅमचं, उतारा ३०.५ टक्के, गर ३ ग्रॅमच्या वर, ती १८० मध्ये जाते. गावठी झाडाचं ५ ग्रॅमचं बी २५ टक्के उताऱ्याने सव्वा ग्रॅमचा गर देतं, तो ४०० च्या प्रतीचा. नुसत्या बीच्या आकारावर भुलायचं नाही: मोठं बी आणि जाड टरफल अशी जोडी बियांच्या झाडांत हमखास सापडते. फोडताना बोटांना खोबरेल लावा किंवा राख घ्या. टरफलातला चीक कातडी भाजतो आणि त्याचे डाग आठवडाभर जात नाहीत.

पिशवीतली रोपं घेऊच नका. वर सांगितलेला जातीचा गोंधळ त्यांत आहेच, वर मुळांचा प्रश्न. पिशवी उचलून तळ बघितला तर कित्येकांचं सोटमूळ तळाला गोल फिरलेलं. असं मूळ जमिनीत गेल्यावरही सरळ होत नाही आणि चौथ्या-पाचव्या वर्षी वाऱ्यात झाड कलतं. ३० रुपये त्यापायी घालवण्यापेक्षा बी घरी रुजवलेलं बरं.

कलमं चांगली आहेत, पण निवडून घ्यावी लागतात. जोड १५ सेंटीमीटरच्या आसपास, बांधलेला, फुगलेला, भेग नसलेला हवा. इथली खरी अडचण जोडाखालच्या फुटव्यांची. खुंटाला फुटलेले धुमारे कुणी खुडलेले नव्हते, आणि दोन-तीन कलमांत तर वरची काडी वाळून गेलेली असून खुंटाचाच फुटवा कलम म्हणून उभा होता. अशा कलमाला ९० रुपये मोजले तरी झाड मिळणार गावठीच. जोडाच्या वर हिरवी पानं आहेत ना, हे प्रत्येक पिशवी हातात घेऊन बघायचं. निवडू देतात, कुरकुर करत नाहीत, हे या रोपवाटिकेच्या बाजूनं नमूद करायला हवं.

मग बी कशाला घ्यायचं? खुंटासाठी, आणि त्यासाठी शिराळा, पाटण पट्ट्यात याहून चांगलं बी सहज मिळत नाही. मेअखेर रोवलेलं बी जुलैअखेर दीड-दोन महिन्यांचं होतं, तेव्हाच मृदकाष्ठ (म्हणजे कोवळ्या खोडावरचं) पाचर कलम बांधायचं. खुंटाला खालची पानांची दोन जोडपी ठेवून शेंडा छाटायचा आणि मधोमध ५ ते ६ सेंटीमीटर चीर द्यायची. काडी १० ते १२ सेंटीमीटरची, खुंटाएवढ्याच जाडीची, खाली दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी तासलेली. प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधून वर पातळ पिशवीची टोपी तीन आठवडे ठेवायची. काडी तोडण्याआधी सात-आठ दिवस तिची पानं झाडावरच देठ ठेवून कापलेली असावी लागतात, नाहीतर डोळे फुगलेले नसतात आणि काडी फुटायच्या आत वाळते. रोपवाटिका वेंगुर्ला ४ आणि ७ च्या काड्या देते, पण आठवडाभर आधी सांगून ठेवावं लागतं. कारण हेच, आळस नव्हे.

कुठे लावायचं याबद्दल तिथं कुणी विचारत नाही, विचारायला हवं. काजू साधारण ७०० मीटर उंचीपर्यंत बरा, त्यामुळे महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर नको. वाळवा-मिरजेच्या उसाच्या काळ्या रानात पाणी साचतं, तिथं कलम असो की बी, पहिल्या पावसाळ्यात मुळं कुजतात. निचऱ्याची तांबडी, मुरमाड, उताराची जमीन लागते.

बी घ्यायला मेच्या तिसऱ्या आठवड्याआधी जावं. त्यानंतर पिशवीत चालू हंगामाच्या बियांच्या तळाशी गेल्या वर्षीचं उरलेलं बी मिसळलेलं आढळतं. त्याचं टरफल राखाडी आणि मंद दिसतं, ताज्याला तेलकट चमक असते. बघायला ओंजळ वरून न घेता पोत्याच्या तळातून घ्या.