कॅमेऱ्यासाठी सॅक की शोल्डर बॅग?

गडावर शूट असेल तर सॅकच. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, म्हणजे बॉडी, आणि २४-७० व ७०-२०० मिमी एफ २.८ या दोन झूम लेन्स मिळून वजन सहज ३ किलोंच्या आसपास जातं. कंबरपट्टा आवळला की भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो. चेन पाठीच्या बाजूने उघडणारी बघा. सॅक चिखलात आडवी ठेवली तरी पाठीला टेकणारी बाजू स्वच्छ राहते. रेनकव्हर मात्र तीच बाजू उघडी सोडतं आणि पाणी तिथूनच मुरतं, म्हणून आत प्लॅस्टिकची जाड पिशवी हवीच.

वारीच्या गर्दीत सॅक नडते. लेन्स बदलायला दरवेळी उतरवावी लागते. तिथे एक बॉडी, दोन लहान लेन्स मावणारी शोल्डर बॅग पोटाशी धरावी. जास्त कोंबलं तर संध्याकाळी एकच खांदा भरून येतो.