कॉम्प्युटर अचानक रडायला लागलाय: फॉरमॅट मारायचा की एसएसडी टाकायची?

घरचा कॉम्प्युटर एकाएकी स्लो झाला की दुकानातलं उत्तर ठरलेलं असतं, कोल्हापुरात राजारामपुरीत विचारा नाहीतर शाहूपुरीत: "फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जावा." दुसरा सल्ला जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, टाकण्याचा. फरक दोन्हींनी पडतो. तो टिकतो किती, यावर सगळं अवलंबून.

आधी दोष डिस्कचाच आहे ना, ते बघा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये जा. काहीही उघडलेलं नसताना मेमरी ९० टक्क्यांवर असेल तर रॅम ४ची ८ जीबी करा, हे दोन्ही खर्च नकोत. लॅपटॉपच्या प्रोसेसरचा वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकून बसला असेल तर चार्जर नीट ओळखला जात नसेल किंवा हीटसिंकमध्ये, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या भागात, धुळीचा थर बसला असेल. विंडोज अपडेट चालू असेल तर एक रात्र मशीन चालू ठेवून वाट बघा. पण डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली, प्रत्यक्ष वेग मात्र सेकंदाला जेमतेम १-२ एमबी आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम शेकडो मिलिसेकंद, असं दिसलं तर चोर सापडला. धडधाकट हार्ड डिस्क साधारण १०-२० मिलिसेकंदांत उत्तर देते.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवून ०५ आणि सी५ या ओळी वाचा. सेक्टर म्हणजे डिस्कवरचे बारीक कप्पे. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे. शेवटच्या रकान्यात शून्य नसेल तर डिस्क बहुधा खराब व्हायला लागली आहे. आपल्याकडे वळवाच्या पावसात लाईट गेली आणि यूपीएस नसेल, तर लिहिता लिहिता वीज तुटूनही सी५ वाढतो. फक्त सी७, म्हणजे डेटा ये-जा करतानाच्या चुका, वाढत असेल तर आधी डिस्क मदरबोर्डाला जोडणारी सॅटा केबल बदला, काम तेवढ्यात भागू शकतं.

फॉरमॅटच्या बाजूने बोलायचं तर खर्च कमी, आणि व्हायरस घुसला असेल तर तो खरा इलाज. विंडोजचं लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं असल्याने बहुतेक वेळा इंटरनेट लागताच आपोआप ॲक्टिव्हेट होतं. पण दुकानात मारतात तो क्विक फॉरमॅट. त्यात फाइलींची यादी नवी होते, खराब सेक्टर जागच्या जागी राहतात. डिस्क रिकामी असते तोवर मशीन पळतं, फाइली त्या जागेवर पोहोचल्या की पुन्हा तेच रडगाणं.

एवढंही चालवून घेतलं असतं. माझं मन फिरलं ते फॉन्टमुळे. घरात कोणी सोसायटीची इतिवृत्तं, पतसंस्थेची पत्रं, लग्नपत्रिका टाइप करत असेल तर जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत, नसतात. त्या डीव्हीबी-टीटी सुरेख नाहीतर कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतात. दुकानदार डी ड्राइव्हचा डेटा इमानदारीने जपतो, पण फॉन्ट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समध्ये असतात आणि ते पुसले जातात. मग फाइल उघडते, मजकूर मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. त्यात जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर पुन्हा शोधत बसायचं. मशीन एका संध्याकाळी मिळतं, पण घडी बसायला आठवडा जातो.

एसएसडीवर क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, केला की हे सगळं जसंच्या तसं येतं. डेस्कटॉपला अडीच इंची सॅटा एसएसडी, एक जादा सॅटा केबल आणि मोकळा पॉवर कनेक्टर लागतो. लॅपटॉपला यूएसबी-टू-सॅटा केबल. जुनी डिस्क १ टीबीची असली तरी वापरलेली जागा दोनशे जीबी असेल तर ५०० जीबीची एसएसडी पुरते. मात्र क्लोनझिला हे क्लोनचं फुकट सॉफ्टवेअर लहान डिस्कवर सहजी क्लोन करत नाही, आधी पार्टिशन, म्हणजे डिस्कचा विभाग, आकसावं लागतं. एसएसडी कंपन्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर ते काम परस्पर करतं. क्लोन संपला की मशीन बंद करा, जुनी डिस्क काढा आणि पहिला बूट एकट्या एसएसडीवरून घ्या. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, बऱ्याचदा जुन्याच डिस्कवरून सुरू करतं आणि "काय फरक नाय ओ" अशी तक्रार येते. बायोसमधला सॅटा मोड, म्हणजे आयडीई किंवा एएचसीआय, बदलायच्या भानगडीत पडू नका. निळा स्क्रीन येऊ शकतो.

जुन्या मदरबोर्डावर सॅटा-२, म्हणजे सॅटाची जुनी, हळू पिढी, असेल तर एसएसडी अर्ध्या वेगाने चालेल, तरी वापरताना ते फारसं जाणवत नाही, कारण विंडोजचं काम हजारो बारीक फाइलींचं असतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ११ वर जायचंच असेल आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, तर एसएसडीवर कोरं विंडोज टाकणंही वाईट नाही.

सी५ रोज वाढत असेल तर क्लोन अर्ध्यात अडकतो. तेव्हा आधी डेटा आणि फॉन्ट्सचं फोल्डर पेनड्राइव्हवर काढून घ्या, मग नव्या एसएसडीवर विंडोज टाका. आणि जुनी डिस्क लगेच पुसू नका. महिनाभरात एखादी फाइल हमखास आठवते.