जत्रांचा हंगाम आणि एक पावसाळा: नाट्यमंडळाच्या ट्रेलरची कुलपं

आमच्या कॉलेजच्या नाट्यमंडळाचं सगळं सामान एका दोनचाकी बंद ट्रेलरमध्ये असतं. पार लाइट म्हणजे रंगमंचावरचे दिवे, उजेड कमीजास्त करणारे डिमर, आवाजाचा मिक्सर, अँप्लिफायर, स्टँड, पडदे आणि वायरींची भेंडोळी. कार्तिकापासून शिगम्यापर्यंत गोव्यातल्या जत्रांतले प्रयोग, मध्ये फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात एखादी स्पर्धा, आणि पावसाळाभर ट्रेलर कॉलेजच्या आवारात उभा. प्रकाशयोजना माझ्याकडे, त्यामुळे किल्ल्याही माझ्याकडे.

आधीच्या हंगामात एका देवळामागे उभ्या ट्रेलरमधून वायरी गेल्या. डिमर आणि मिक्सर जागेवर होते. तांब्याला भंगारात भाव असतो, वजनावर लगेच विकलं जातं आणि वायरीवर कुठला नंबर नसतो. त्यानंतर मंडळाने वर्गणी काढून कुलपं, साखळी आणि ट्रॅकर घेतला. पूर्ण हंगाम आणि पूर्ण पावसाळा वापरल्यावर माझं मत एका बाबतीत पक्कं झालंय. जत्रेतला प्रयोग रात्री दोन-अडीचला संपतो, मुलं थकलेली असतात, जीपवाल्याला घरी जायची घाई असते. त्या वेळी अंधारात, एका हाताने जे कुलूप लागतं तेच खरं. बाकीची कितीही दणकट असोत, ती ट्रेलरच्या आत पडून राहतात.

सुरुवात दारापासून करा. आमचं मूळ दार पाहून वेल्डिंगवाले काका म्हणाले, "बाय, कुलूप कशाला फोडतील, कोयंडाच उपटून नेतील." बरोबरच होतं. कोयंडा रिबिटांवर होता, म्हणजे ड्रिल मारलं की सुटा. त्यांनी जाड पत्र्याचा नवा कोयंडा बसवला, बाहेरून गोल डोक्याचे बोल्ट, नट आतल्या बाजूला आणि तेही वेल्ड केलेले. बिजागऱ्या बाहेर असल्याने तिथली पिन ठोकून काढता येत होती. म्हणून दाराच्या आतल्या कडेला लोखंडी खुंट्या लावल्या. दार मिटलं की त्या चौकटीच्या भोकांत जातात आणि पिन निघाली तरी दार सुटत नाही. सगळ्या खर्चात हा सर्वात कमी आणि सर्वात उपयोगाचा.

हूकचं कुलूप घेताना नीट बघा. जीपच्या मागे एक लोखंडी गोळा असतो आणि ट्रेलरच्या दांड्याचं टोक, म्हणजे कपलर, त्यावर बसून खटक्याने अडकतं. खटक्यातून नुसती पिन जाते ते कुलूप ट्रेलर जीपला जोडलेला असतानाच कामाचं. ट्रेलर सुटा उभा असेल तर दोरी बांधूनही ओढून नेता येतो. कपलरचं तोंडच झाकणारं पेटीसारखं कुलूप मिळतं, गोळ्याची जागाच बंद होते. आमचा गोळा 50 मिलिमीटरचा, त्या मापाची कुलपं सहज मिळतात. चाकाला लावायचा जबडा असा हवा की चाकाचे नट झाकले जातील, नाहीतर चाक बदलून ट्रेलर नेता येतो. आमचा झाकतो, पण लावायला दोघं लागतात. म्हणून जत्रेत तो कधीच लागला नाही. कॉलेजच्या आवारात, विशेषतः गणेश चवथीच्या सुटीत सगळा परिसर ओस पडतो तेव्हा, त्याच्याशिवाय मला झोप येणार नाही.

साखळी 10 मिलिमीटरची, चौकोनी कड्यांची, कडक पोलादाची घेतली. तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवलीय, रंग खरवडत नाही. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीचा आधार मिळाला की बोल्टकटरवर पाय देऊन जोर लावता येतो. ग्राइंडरसमोर कुठलीच साखळी कायमची टिकत नाही, पण वेळ लागतो आणि आवाज होतो, आणि आम्ही पैसे त्याचेच मोजले. ती अडकवायची कडी मात्र आधी चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात, एक्सपान्शन बोल्टने बसवली गेली होती. चिरा सच्छिद्र, बोल्ट धरत नाही, हाताने हलवून बाहेर आला. मग खड्डा खणून काँक्रीट भरलं, त्यात कडी पुरली. गोव्यात चिऱ्याच्या जमिनीवर हे करणाऱ्यांनी थेट काँक्रीटच करावं.

आता पावसाळा. इथे कुलपांची खरी परीक्षा झाली. चकचकीत मुलामा दिलेलं, दणकट दिसणारं एक कुलूप जुलै संपेपर्यंत गंजून अडलं. किल्ली जायची, फिरायची नाही. पितळी अंगाचं, आखूड कडीचं, कडीभोवती खांदे असलेलं कुलूप मात्र आजही नव्यासारखं उघडतं. त्याची कडी स्टेनलेसची आहे. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी 304 ऐवजी 316 दर्जाचं पोलाद मागावं, खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. कुलपाच्या तोंडावर ट्यूबचा तुकडा झापडासारखा लावला. उन्हाळ्यात किल्लीच्या भोकात ग्राफाइटची पूड घालते. घट्ट तेलावर आपली तांबडी धूळ बसते आणि चिखल होतो.

आकड्यांचं कुलूप विद्यार्थ्यांना सोयीचं वाटतं. मला ते नको. रात्री आकडे दिसत नाहीत, आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकदा आकडा गेला की सोडून गेलेल्या बॅचलाही तो कायमचा माहीत. त्यापेक्षा एकाच किल्लीवर चालणारी दोन-तीन कुलपं घ्या. दुकानदाराला स्पष्ट सांगितलं तर मिळतात.

ट्रॅकरबद्दल मी कमी उत्साही आहे. उभ्या ट्रेलरला वीज नसते, म्हणून बॅटरीचा घेतला. हालचाल झाली की जागा होतो, एरवी झोपतो. पत्र्याच्या पेटीत ठेवला तर उपग्रहाचा सिग्नल मिळत नाही, म्हणून तो छतावरच्या फायबरच्या झडपेखाली लपवलाय. फोंडा-पणजी पट्ट्यात छान चालतो. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत मोबाइलचं नेटवर्क गेलं की ठिकाण उशिरा कळतं. आणि सिमचा रिचार्ज कोणी करायचा हे नावानिशी ठरवलं नाही तर तो मुका होतो. ब्लूटूथचा टॅग स्वस्त, पण आजूबाजूला लोकांचे फोन असतील तरच तो दिसतो, आणि चोराच्या फोनवरही अनोळखी टॅगची सूचना येऊ शकते. दुय्यम म्हणून ठीक.

ट्रेलरची नोंदणी आरटीओकडे झालेली असू द्या आणि कागदाची प्रत फोनमध्ये ठेवा. गाडीच्या विम्यात आतलं सामान साधारणपणे येत नाही, ते वेगळं विचारून घ्या. प्रत्येक दिव्याचा आणि डिमरचा सीरियल नंबर फोटोसकट वहीत उतरवलाय. तक्रार देताना पोलीस सर्वात आधी तेच मागतात. वायरींवर दर हाताला जांभळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारलाय, निदान आपली वायर भंगारवाल्याकडे दिसली तर ओळखता येईल.

येत्या कार्तिकाआधी दुसरा टॅग घ्यायचा विचार होता. तो सोडला. त्या पैशांत बाजूच्या छोट्या दारासाठी तेच पितळी कुलूप, त्याच किल्लीचं, घेतोय, कारण वायरी आता तिथल्या खणात असतात.