शस्त्र परवान्याची सेवा: चौदा महिन्यांचा अनुभव आणि इतर देशांतील रीत

वडिलांच्या निधनानंतर त्यांची बारा बोअरची एकनळी बंदूक माझ्या नावावर करून घेण्यासाठी मी परवान्याचा अर्ज केला आणि तो मंजूर व्हायला चौदा महिने लागले. तळकोकणातल्या आमच्या काजूच्या बागेत रानडुकरे आणि माकडे हुसकावण्यासाठी ही बंदूक वडिलांनी पीक संरक्षणाच्या कारणावर घेतली होती. परवाना देणे ही शासनाची सेवा आहे, तिच्यासाठी शुल्क भरावे लागते, म्हणून तिचे परीक्षण करणे मला योग्य वाटते. याच काळात कॅनडात स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाने शिकारीच्या बंदुकीसाठी तिथला परवाना काढला. त्याचा आणि माझा अनुभव शेजारी ठेवल्यावर इतर देशांत हे काम कसे चालते ते मी वाचत गेलो.

प्रथम आपला कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि सध्याचे नियम २०१६ चे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला अर्ज करता येतो; धारकाचे वय सत्तर झाले असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असेल, तर हयातीतही ते वारसाला देता येते. हे आम्हाला आधी कळले असते तर वडिलांच्या डोळ्यांदेखत सारे पार पडले असते. नियमांनुसार पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो मिळाल्यापासून ६० दिवसांत परवाना प्राधिकाऱ्याने निर्णय घ्यायचा असतो. कागदावर ही मुदत वाजवी आहे.

माझ्या अर्जात बहिणींचे ना हरकत प्रतिज्ञापत्र, सातबारा, डॉक्टरांचा शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचा दाखला, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, हे सगळे पहिल्या दिवसापासून जोडलेले होते. पाच महिने काहीच हालचाल झाली नाही. त्यानंतर पडताळणीसाठी घरी आलेल्या कर्मचाऱ्यांनी ओट्यावर बसून माझा जबाब लिहून घेतला, माझ्यावर गुन्हा दाखल आहे का आणि बंदूक कशासाठी हवी असे दोनच प्रश्न विचारले, चहा घेतला आणि ते निघाले. बंदूक ठेवण्यासाठी मी भिंतीत पक्के बसवून घेतलेले लोखंडी कपाट आतल्या खोलीत होते. ते पाहावे अशी मी विनंती केली, तेव्हा त्याची गरज नाही असे उत्तर मिळाले. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. घरात बंदूक येणार याबद्दल तिचे मत काय, घरात भांडणे होतात का, कोणी दारू पिते का, यातले काहीही तिला कोणी विचारले नाही. पुढचे नऊ महिने फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होती आणि त्या सगळ्या काळात माझ्याविषयी नवे असे काहीच तपासले गेले नाही.

बंदूक तोवर पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत जमा होती. परवाना हातात आल्यावर मी ती आणायला गेलो, तेव्हा दस्त्याला सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीवरचे वडिलांचे नाव ओलीने फिसकटले होते, नळीच्या तोंडाशी तांबूस गंज चढला होता आणि घोडा मागे ओढताना करकरत होता. वडील दर गणपतीच्या आधी नळीतून तेलाची चिंधी फिरवत असत. दोन पावसाळे कोकणातल्या दमट खोलीत तेलाविना गेल्यावर लोखंडाचे दुसरे काय होणार? जमा शस्त्राची निगा राखणे हा या सेवेचाच भाग मानला गेला पाहिजे.

मावसभावाचा अनुभव पूर्ण वेगळा होता. कॅनडात आधी सुरक्षेचा अभ्यासक्रम आणि परीक्षा असते. अर्जावर दोन ओळखीच्या व्यक्तींचे संदर्भ लागतात, आणि जोडीदाराची सही नसेल तर अधिकारी त्या जोडीदाराला स्वतः कळवतात; विभक्त झालेल्या अलीकडच्या जोडीदारालाही हेच लागू आहे. प्रथम अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवस थांबावेच लागते. त्याच्या पत्नीला फोन आला आणि तिच्याशी सविस्तर बोलणे झाले, हे ऐकून माझ्या पत्नीने विचारले, ‘मग मला का नाही विचारलं?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

सर्वांत कडक व्यवस्था मला जपानची वाटली. तिथल्या १९५८ च्या कायद्यानुसार सामान्य नागरिकाला पिस्तूल मिळतच नाही. छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी दिवसभराचा वर्ग, लेखी परीक्षा, प्रत्यक्ष नेमबाजीची चाचणी, मानसिक आरोग्याचा दाखला आणि कुटुंबीयांकडे व शेजाऱ्यांकडे चौकशी हे टप्पे आहेत. रायफल हवी असेल तर आधी दहा वर्षे अशी बंदूक बाळगलेली असावी लागते. बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवायची, ती घरात कुठे आहेत ते पोलिसांना सांगायचे आणि दरवर्षी बंदूक तपासणीसाठी न्यायची. ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली ती घरी बनवलेल्या बंदुकीने, परवान्याच्या शस्त्राने नव्हे.

पडताळणीतली कसूर किती महाग पडते, याची दोन उदाहरणे माझ्या मनातून जात नाहीत. अमेरिकेत परवानाधारक दुकानदाराने ग्राहकाची पूर्वपीठिका केंद्रीय यंत्रणेकडून तपासायची असते, पण तीन कामकाजी दिवसांत उत्तर आले नाही तर विक्री करता येते. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांचे प्राण घेणाऱ्या तरुणाला पिस्तूल मिळाले ते याच तरतुदीमुळे. ब्रिटनचे कायदे फार कडक आहेत. १९९६ मध्ये डनब्लेनच्या शाळेत सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका मारली गेल्यावर तिथे खासगी पिस्तुले जवळजवळ संपलीच. बंदूक ठेवण्याची जागा पाहायला अधिकारी घरी येतात. तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये प्लीमथ शहरात एकाने पाच जणांना ठार केले, आणि त्याची जप्त केलेली बंदूक व परवाना पोलिसांनी जेमतेम महिनाभर आधी त्याला परत दिले होते. त्यानंतर अर्जदाराची वैद्यकीय माहिती डॉक्टरांकडून घेणे तिथे सक्तीचे झाले.

ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला १९९६ मध्ये ३५ माणसे मारली गेली. त्यानंतर सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका लोकांकडून विकत घेतल्या आणि स्वसंरक्षण हे परवान्याचे कारण म्हणून ग्राह्य धरणे थांबवले. आपल्याकडे बहुतेक अर्जांत हेच कारण असते, त्यामुळे त्या मार्गाने जाणे आपल्याला सोपे नाही. स्वित्झर्लंडमध्ये सैनिकी सेवेतली रायफल घरी ठेवतात, मात्र २००७ पासून तिची काडतुसे सरसकट घरी देणे बंद झाले आहे.

हे सगळे वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की आपली सेवा सैल आहे की कडक, हा प्रश्नच अपुरा आहे. चौदा महिने लागले म्हणून चौदा महिन्यांची तपासणी झाली असे नव्हे. मला निर्णय तीन महिन्यांत मिळाला असता आणि त्या तीन महिन्यांत कपाट पाहिले गेले असते, पत्नीशी व शेजाऱ्यांशी एकांतात बोलले गेले असते, तर नकार आला असता तरी मी तो समाधानाने घेतला असता. चांगल्या बाजूही सांगायला हव्यात. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला स्वतंत्र क्रमांक मिळतो, नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध अपील करता येते. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, तीही मला मनापासून मान्य आहे.

वारसाने अर्ज करताना पोहोच घेतल्याशिवाय कोणताही कागद देऊ नये, पोलीस अहवाल कधी मागवला त्याची तारीख लेखी विचारून घ्यावी आणि बंदूक जमा करताना तिच्या स्थितीची नोंद पावतीवर करून घ्यावी. मी ती करून घेतली नव्हती. गंज काढून घेतल्यावर आता बंदूक कपाटात आहे. काडतुसांची पेटी वेगळ्या खोलीत ठेवली असून तिची किल्ली पत्नीकडे असते.